जनावराच्या गळ्यातला पट्टा: गाय माजावर आल्याचं त्याला कळतं कसं?

गायीच्या गळ्यात पट्टा, शेतकऱ्याच्या हातात मोबाईल आणि स्क्रीनवर मेसेज: 'गाय क्रमांक १४ माजावर आहे.' असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्याखाली कमेंटमध्ये दोन गट हमखास भांडत असतात. एक म्हणतो, 'आता गोठ्यात माणसाची गरजच नाही.' दुसरा म्हणतो, 'हे सगळं पैसेवाल्यांचं खूळ, आमच्या आजीला गाय नुसती बघून कळायचं.'

दोघांचंही थोडं बरोबर आहे. हा पट्टा माज किंवा आजार थेट ओळखत नाही. तो मोजतो मुख्यतः हालचाल, आणि त्या हालचालीवरून अंदाज बांधला जातो. हा अंदाज कशावर उभा असतो, तो कुठे कामाला येतो, कुठे फसतो आणि दावणीला चार जनावरं असलेल्या घराला त्याचा उपयोग किती, हे समजून घेऊ.

बिल्ला वेगळा, पट्टा वेगळा

सर्वात मोठा गोंधळ इथेच होतो. जनावराच्या कानात जो पिवळा बिल्ला दिसतो, त्यावर १२ अंकी क्रमांक असतो. याला 'पशुआधार' म्हटलं जातं. या क्रमांकाखाली जनावराचा मालक, जात, लसीकरण, रेतन अशी माहिती 'भारत पशुधन' या सरकारी प्रणालीत नोंदवली जाते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक यांसाठी हा बिल्ला सक्तीचा झाला. पण तो साधा प्लास्टिकचा तुकडा आहे. त्यात बॅटरी नाही, सेन्सर नाही. हरवलेली गाय कुठे आहे, हे तो सांगू शकत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे चिप असलेला बिल्ला, ज्याला आरएफआयडी टॅग म्हणतात. यातही स्वतःची बॅटरी नसते. वाचणारं यंत्र जवळ नेलं की त्याच्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. हे अंतर साधारण हातभर असतं. त्यामुळे दूध काढण्याच्या जागी 'आत कोण आलं' हे कळतं, पण माळावर चरायला गेलेलं जनावर सापडत नाही.

व्हिडिओत दिसतो तो तिसरा प्रकार: बॅटरी आणि सेन्सर असलेलं उपकरण. ते गळ्यातल्या पट्ट्यात असतं, पायात बांधलेलं असतं (याला पेडोमीटर म्हणतात), कानात अडकवलेलं असतं, किंवा गोळीसारखं गिळायला देऊन पोटात कायमचं ठेवलेलं असतं.

आत नेमकं काय असतं?

मोबाईल आडवा केला की स्क्रीनही आडवी होते. हे काम करणाऱ्या भागाला अॅक्सेलरोमीटर म्हणतात. तोच छोटासा भाग जनावराच्या पट्ट्यातही असतो. तो वर-खाली, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे अशा तीन दिशांनी होणारी हालचाल सेकंदाला अनेक वेळा मोजतो.

प्रत्येक क्रियेची हालचाल वेगळी असते. चरताना मान खाली असते आणि डोकं झटके देत पुढे सरकतं. चालताना पायाला ठरावीक तालात धक्के बसतात. बसलेल्या गायीच्या पायातलं यंत्र आडवं होतं. रवंथ करताना जबडा एका लयीत हलतो, मग घास गिळायला क्षणभर थांबतो, पुन्हा नवा घास वर येतो. संशोधक आधी माणूस बसवून 'आता चरतेय, आता रवंथ, आता बसली' अशा नोंदी करून घेतात. त्या नोंदी आणि सेन्सरचे आकडे एकत्र ठेवून संगणकाला प्रत्येक क्रियेची खूण शिकवली जाते.

यापुढची पायरी सर्वात महत्त्वाची आहे. यंत्र एका गायीची तुलना शेजारच्या गायीशी करत नाही, तिची तुलना तिच्याच मागच्या काही दिवसांशी करतं. मुळात चंचल असलेली गाय दिवसभर फिरली तर त्यात नवल नाही. पण रोज शांत असणारी गाय अचानक दुप्पट चालू लागली, तर काहीतरी घडतंय. म्हणूनच नवीन पट्टा बांधल्यावर सुरुवातीचे काही दिवस त्याच्या संदेशांवर विसंबून चालत नाही. त्या काळात तो गायीची रोजची सवय शिकत असतो.

ही कल्पना आली कुठून?

माजावर आलेली गाय अस्वस्थ होते आणि जास्त चालते, हे गुरं राखणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. ते मोजून दाखवायचं काम विसाव्या शतकात झालं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले संशोधक चार्ल्स किडी यांनी गायींच्या पायांना पेडोमीटर बांधून १९७७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माजाच्या दिवशी गायीची हालचाल नेहमीच्या कितीतरी पट वाढत होती. मोकळ्या गोठ्यात ही वाढ जास्त होती, बांधलेल्या गायींमध्ये कमी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

१९८०च्या दशकात इस्रायलमधल्या आफिकिम या किबुत्झने, म्हणजे सामुदायिक शेती वसाहतीने, पेडोमीटर थेट डेअरीतल्या संगणकाला जोडला. इस्रायलच्याच एससीआर या कंपनीने नंतर रवंथ मोजणारा पट्टा आणला. त्याच्या सुरुवातीच्या रूपात चक्क मायक्रोफोन होता. तो मानेवर बसून रवंथाचा आवाज ऐकायचा. भारतात बंगळुरूच्या स्टेलॅप्स या कंपनीने 'मूऑन' नावाचा पायात बांधायचा पेडोमीटर आणला.

माज हुकला तर काय बिघडतं?

या उपकरणांचा सर्वात मोठा ग्राहक माज ओळखण्यासाठीच येतो. त्याचं कारण हिशेबात आहे.

गायीचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. वर्षाला एक वेत हवं असेल, तर व्यायल्यानंतर सुमारे ८५ दिवसांत ती पुन्हा गाभण राहायला हवी. त्यातले पहिले दोन महिने गर्भाशय पूर्ववत होण्यासाठी सोडले जातात. उरले २५ दिवस. गाय माजावर येते साधारण २१ दिवसांनी एकदा. म्हणजे वेळेत साधायची संधी मिळते एकदा, फार तर दोनदा.

ती संधीही फार वेळ थांबत नाही. गायीचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो. जास्त दूध देणाऱ्या गायींत हा काळ आणखी आखडतो. माजाची लक्षणं बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे ठळक असतात, म्हणजे घर झोपलेलं असताना. सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळीच गायीकडे पाहिलं जात असेल, तर माज येऊन गेलेला कळतही नाही.

माज हुकला की पुढच्या संधीपर्यंत २१ दिवस थांबावं लागतं. गाय तेव्हा दूध देत असली, तरी पुढचं वेत तेवढं लांबतं. शेवटी भाकड किंवा अगदी कमी दुधाचे २१ दिवस वाढतात. समजा चारा, पेंड आणि मजुरी धरून एका गायीचा रोजचा खर्च २५० रुपये आहे. मग एका हुकलेल्या माजाची किंमत झाली ५,२५० रुपये. असे दोन माज हुकले तर १०,५०० रुपये. दहा गायींच्या गोठ्यात हा आकडा कुठे जातो, ते आपापल्या खर्चाने मांडून पाहा.

यंत्राचा आणखी एक फायदा आहे. 'सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी' हा नियम सर्वांना माहीत असतो. पण सकाळी दिसलेला माज रात्री ११ला सुरू झाला की पहाटे ५ला, हे माणसाला ठाऊक नसतं. यंत्राकडे हालचाल वाढू लागल्याची वेळ असते, त्यामुळे रेतनाची वेळ जास्त नेमकी ठरवता येते.

रवंथ कमी झाला म्हणजे काय?

निरोगी गाय दिवसातले सुमारे सात-आठ तास रवंथ करते. खाणं बिघडलं, ताप आला, पोट बिघडलं, वेदना झाल्या की रवंथ घटतो. जाणता शेतकरी 'आज गाय रवंथ करत नाहीये' हे चटकन ओळखतो. पण 'काल ४६० मिनिटं केला, आज ३८०' हा फरक कोणाच्याही डोळ्यांना दिसणार नाही. यंत्राला तो दिसतो. व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गायीला किटोसिससारखे आजार होण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा अशी सूचना मोलाची ठरते.

मात्र सर्व आजार सारखे पकडले जात नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये रवंथ आणि हालचाल मोजणाऱ्या पट्ट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पचनाचे आजार आणि किटोसिस असलेल्या बहुतेक गायी यंत्राने ओळखल्या. कासदाह आणि गर्भाशयाचा संसर्ग झालेल्या गायींपैकी मात्र निम्म्याहून थोड्याच जास्त गायी पकडल्या गेल्या. कासेला हलकी सूज आलेली गाय खाते, चालते, रवंथही करते. हालचाल बदलली नाही, तर हालचाल मोजणारं यंत्र गप्पच राहणार. म्हणून पट्टा आहे म्हणून धारेआधी कास तपासणं सोडता येत नाही.

पोटातल्या उपकरणाचा मार्ग वेगळा आहे. ऑस्ट्रियातल्या स्मॅक्सटेकसारख्या कंपन्यांची ही जड नळी गायीला गिळायला देतात. ती पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसते आणि आतलं तापमान मोजत राहते. व्यायच्या आदल्या दिवशी गायीचं तापमान किंचित उतरतं, ते इथे टिपलं जातं. गाय पाणी प्यायली की पोटातलं तापमान क्षणभर पडतं. त्यावरून ती किती वेळा पाणी प्यायली हेही कळतं. अडचण एवढीच, की बॅटरी संपली की बदलता येत नाही.

जनावर कुठे आहे, हे कळतं का?

कळतं, पण त्यासाठी जीपीएस असलेला पट्टा लागतो. माज ओळखणारे बरेच पट्टे आणि पेडोमीटर यांत जीपीएस नसतो. कारण आहे बॅटरी. अॅक्सेलरोमीटरला नगण्य वीज पुरते, त्यामुळे पेडोमीटर एका बॅटरीवर काही वर्षं चालतो. जीपीएसला उपग्रहांचे क्षीण संकेत पकडून ठिकाण काढावं लागतं आणि ते दूरवर पाठवावंही लागतं. त्यात बॅटरी भराभर संपते. म्हणून असे पट्टे ठिकाण सतत सांगत नाहीत, ठरावीक मिनिटांनी सांगतात. काहींवर छोटं सोलर पॅनेल असतं. उघड्या माळावर जीपीएस काही मीटरपर्यंत अचूक असतो. पत्र्याच्या गोठ्यात किंवा दाट झाडीत तो गडबडतो.

माहिती पाठवायलाही वाट लागते. मोबाईल नेटवर्क असेल तर सिमकार्ड चालतं. नसेल तर 'लोरा' नावाचं रेडिओ तंत्र वापरतात. ते थोडीशीच माहिती पाठवतं, पण कमी विजेत आणि मोकळ्या जागी काही किलोमीटरपर्यंत. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो.

यापुढची मजल म्हणजे अदृश्य कुंपण. नॉर्वेतल्या नोफेन्स कंपनीने ते आधी शेळ्यांसाठी आणलं. न्यूझीलंडमधली हॉल्टर कंपनी गायींसाठी असेच पट्टे बनवते. मालक मोबाईलवरच्या नकाशात रेघ ओढतो. जनावर रेघेजवळ गेलं की पट्टा आवाज करतो. तरीही ते पुढे गेलं, तर विजेचा सौम्य झटका बसतो. काही दिवसांत जनावर आवाजावरच मागे वळायला शिकतं. आपल्याकडे उनाड गुराच्या गळ्यात लाकडाचं लोढणं बांधायचे, त्याचाच हा इलेक्ट्रॉनिक अवतार. झटका देणं योग्य की अयोग्य, यावर वाद आहेत आणि काही ठिकाणी या पट्ट्यांवर निर्बंधही राहिले आहेत. शिवाय पिसाळलेल्या किंवा घाबरलेल्या जनावराला हे कुंपण अडवू शकत नाही. हायवेच्या कडेला त्याच्या भरवशावर गुरं सोडता येणार नाहीत.

यंत्र फसतं कुठे?

*दावणीला बांधलेलं जनावर:* पेडोमीटरचं सारं गणित 'माजावरची गाय जास्त चालते' यावर आहे. चोवीस तास दोरीला बांधलेली गाय चालणार कुठे? ती पाय आपटेल, उठबस करेल, पण खूण दुबळी असेल. मुक्त गोठ्यात हेच यंत्र चांगलं चालतं. बांधीव गोठ्यात घ्यायचं असेल, तर मान आणि रवंथ मोजणारा पट्टा तुलनेने बरा. माजाच्या दिवशी गायीचं खाणं आणि रवंथ कमी होतो, ते त्याला कळतं.

*म्हैस:* म्हशीत 'मुका माज' जास्त, विशेषतः उन्हाळ्यात. एकमेकींवर चढण्याचं लक्षण म्हशींमध्ये फारसं दिसत नाही. गायींच्या नोंदींवर शिकलेलं यंत्र मुऱ्हा किंवा पंढरपुरी म्हशीला तसंच लागू पडेल, असं गृहीत धरता येत नाही.

*खोटा इशारा:* लसीकरणासाठी धावपळ झाली, गोठा बदलला, रात्री कुत्रं शिरलं की हालचाल वाढते. यंत्र म्हणणार, माज.

*इशारा आला, पण माणूस नाही:* रात्री दोनला मेसेज आला आणि रेतन करणारा तंत्रज्ञ तिसऱ्या दिवशी उगवला, तर मेसेजचा उपयोग शून्य. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या 'बाएफ'ने गोठ्यापर्यंत जाऊन रेतन करण्याची सेवा उभी केली. त्यामागचं एक मोठं कारण हेच: गाय माजात असताना तिला दवाखान्यापर्यंत चालवत नेण्यात वेळ जातो. वेळेवर पोहोचणारा माणूस नसेल, तर सेन्सरने फक्त हुकलेल्या संधीची नोंद होते.

'९० टक्के अचूक' म्हणजे काय?

जाहिरातीत असा आकडा दिसला की दोन प्रश्न वेगळे विचारा. खऱ्या माजांपैकी किती पकडले? आणि आलेल्या इशाऱ्यांपैकी किती खरे निघाले?

उदाहरण घ्या. महिन्यात १० गायी खरोखर माजावर आल्या. यंत्राने ९ पकडल्या. झाले ९० टक्के. पण त्याच महिन्यात त्याने आणखी ९ खोटे इशारे दिले. म्हणजे १८ मेसेजपैकी निम्मे चुकीचे. प्रत्येक मेसेजवर डोळे झाकून रेतन केलं, तर निम्मा खर्च वाया, शिवाय आधीच गाभण असलेल्या गायीत रेतन झालं तर गर्भाला धोका. म्हणून इशारा आला की गोठ्यात जाऊन सोट, म्हणजे काचेसारखा चिकट स्राव, सुजलेला निरण, हंबरणं, दुधात घट ही लक्षणं पाहायलाच हवीत.

ही माहिती कुणाची?

गायीचं दूध, रवंथ, आजार, माज या सगळ्याची रोजची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर जाते. अशी माहिती विमा कंपनीला, कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा पेंड विकणाऱ्यालाही हवी असते. त्यातून शेतकऱ्याला फायदा होऊ शकतो. उदाहरणार्थ, जनावर जिवंत आणि निरोगी असल्याचा पुरावा मिळतो. पण तीच नोंद विम्याचा दावा नाकारायलाही वापरली जाऊ शकते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा माणसाच्या वैयक्तिक माहितीसाठी आहे. गायीच्या आलेखांवर हक्क कुणाचा, हे बहुतेक वेळा कंपनीशी झालेल्या करारातच ठरतं. तो करार मराठीत मागा आणि सही करण्याआधी वाचा.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न

- आमचा गोठा मुक्त आहे की बांधीव? यंत्र कोणत्या प्रकारासाठी बनलंय?
- आमच्या जातीच्या जनावरांवर ते तपासलंय का? म्हशींवर?
- किंमत एकदाच द्यायची की दर महिन्याला वर्गणी? वर्गणी थांबवली तर जुनी माहिती मिळेल का?
- बॅटरी किती टिकते आणि बदलता येते का?
- वीज किंवा इंटरनेट गेलं तर त्या वेळची नोंद साठून राहते की पुसली जाते?
- जनावर विकलं तर पट्टा दुसऱ्याला लावता येतो का?
- याच यंत्राचा वर्षभर वापर केलेला, जवळपासचा एखादा गोठा दाखवाल का?

मग दोन-चार जनावरं असतील तर?

भारतातल्या बहुतेक दूध उत्पादकांकडे मोजकीच जनावरं असतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी गोवंश आणि ११ कोटी म्हशी आहेत. ही जनावरं मोठ्या डेअऱ्यांपेक्षा लहान गोठ्यांतच जास्त विखुरलेली आहेत. अशा घरात जनावरांमागे दिवसभर कोणीतरी असतंच, आणि ते बहुतेकदा घरातली बाई असते. तिच्या नजरेला वहीची जोड दिली, तर पट्ट्याचं बरंच काम विनाखर्च होतं. व्यायल्याची, माजाची आणि रेतनाची तारीख कॅलेंडरवर लिहा. माजानंतर १८व्या ते २४व्या दिवसापर्यंत गायीवर जास्त लक्ष ठेवा. त्या दिवसांत पहाटे, दुपारी आणि रात्री झोपण्याआधी वीस-वीस मिनिटं, धार किंवा चाऱ्याची गडबड नसताना, तिच्याकडे पाहा.

गोठ्यात पंचवीस-तीस गायी झाल्या, मजूर बदलत राहिले आणि कोणती गाय कोणत्या दिवशी माजावर होती हे कोणाच्याच डोक्यात राहीनासं झालं, की पट्ट्याचा हिशेब जुळू लागतो. त्या आधी हुकलेले माज मोजा. गेल्या वर्षभरात प्रत्येक गायीच्या दोन वेतांतलं अंतर किती होतं, ते वहीतून काढा. अंतर १३ महिन्यांच्या आत असेल, तर तुमच्या गोठ्यातली नजर अजून शाबूत आहे. १६-१७ महिन्यांवर गेलं असेल, तर आधी चारा, खनिज मिश्रण आणि गर्भाशयाचे आजार पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. माज येतच नसेल तर तो कोणताही पट्टा पकडू शकणार नाही. माज येतोय पण दिसत नाहीये अशी खात्री झाली, तरच पट्टा घ्यायचा विचार करा.